रायगडपुरतं नाव

परवा मावसबहिणीचा फोन आला. अलिबागजवळ ती कोकम सरबत आणि कैरीचं लोणचं घरगुती करते. बाटलीवर सासूबाईंचं नाव. म्हणाली, "दादा, आपण कुठे दिल्लीला विकणार? रायगडपुरतं नाव नोंदवता येतं का? स्वस्तात पडेल."

नाही येत. ट्रेडमार्कला जिल्ह्याची किंवा राज्याची वेगळी नोंदणी नाही. एकदा केली की साऱ्या देशासाठी, १० वर्षं, पुढे नूतनीकरण. व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाचे ४५०० रुपये, तेही प्रत्येक वर्गाला. लोणचं २९ मध्ये, सरबत ३२ मध्ये, म्हणजे नऊ हजार झाले. (गुमास्त्यावर दुकानाचं नाव आहे म्हणजे ते आपलंच झालं, हा समज मात्र आपल्याकडे भलताच पक्का!)

खरा प्रश्न नोंदवायचं की नाही, एवढाच. न नोंदवताही कायदा थोडं रक्षण देतो, पण तुमचं नाव लोकांत रुजलंय हे पुराव्याने दाखवावं लागतं. अलिबागात ते जमेल. उद्या पुण्यात कुणी तेच नाव लावलं तर? तिचं गिऱ्हाईक शनिवार-रविवारचं आहे. बाटली मांडव्याच्या बोटीत बसली की जिल्हा संपलाच की! म्हणून माझं मत, नोंदवावं.

पण तिला नावात 'अलिबाग' हवं होतं, आणि दुसऱ्या कुणाला ते वापरता येऊ नये असंही. इथे मी अडलो. गावाचं नाव एकट्याच्या मालकीचं करायला कायदा सहसा तयार नसतो, आणि ते बरंच आहे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते कुणा एका व्यापाऱ्याला नव्हे, तिथे पिकणाऱ्या कांद्याला. हापूसचं २०१८ चं मानांकनही रायगडसह कोकणातल्या पाच जिल्ह्यांचं. रस्त्याकडेला कांद्याच्या माळा घेऊन बसणाऱ्या बाईचं 'अलिबाग' हिने का अडवावं? सासूबाईंचं नाव पुरेसं आहे.

तिला ते फारसं पटलं नाही. "जुनी बिलं तरी सांभाळ," मी म्हटलं. दुसऱ्याने आधी नोंदणी केली तरी, त्याच्याही आधीपासून आपण ते नाव सतत वापरतोय हे दाखवता आलं तर तो आपल्याला थांबवू शकत नाही.

पलीकडे शांतता. मग म्हणाली, "पहिली तीन वर्षं बिलंच केली नव्हती रे."