कर्जतची सही!

रोमला गेलेली मंडळी व्हॅटिकनमध्ये मायकेलअँजेलोची 'पिएता' बघतातच. १४९९ च्या सुमाराचं, त्याने सही केलेलं हे एकमेव शिल्प! मला अशी सही बघायला कर्जत लोकल पुरते. स्टेशनवरून रिक्षाने कोंडाणे गाव, पुढे राजमाचीच्या पायथ्याच्या जंगलातून चढण. वर दोन हजार वर्षांपूर्वीचं बौद्ध चैत्यगृह, लाकूडकामाची हुबेहूब नक्कल केलेल्या दगडी कमानी आणि ब्राह्मीतली एक ओळ: कण्हाचा शिष्य बलक याने हे घडवलं. लेण्यांत एरवी नावं दिसतात ती बहुतेक दान देणाऱ्यांची. इथे खुद्द कारागिराचं आहे. पुढच्या वेळी फार्महाऊसवर जाताना एक सकाळ बलकला द्या. पाणी सोबत घ्या. आणि भिंतीवर स्वतःचं नाव? प्लीज, नको. बलकने ते कमावलंय.