आरंभाच्या पानावरील हात

सृष्टीपूर्वी काय होते, असे विचारू नये, ही शिकवण आपल्या धर्मवाङ्मयात एकाहून अधिक ठिकाणी आढळते. मिश्नेतील हगीगा प्रकरणात अशा चौकसपणाविषयी फार कठोर शब्द आहेत. मिद्राशकारांनी तर तोरेच्या पहिल्याच अक्षराकडे बोट दाखविले आहे. 'बेथ' हे अक्षर तीन बाजूंनी बंद आणि पुढल्या बाजूस तेवढे उघडे. तेव्हा माणसाने तेथून पुढे पाहावे, मागे डोकावू नये. हीच मनाई अमेरिकेतील सुपरहिरोंच्या चित्रकथांत आढळते, असे सांगितले तर आमच्या ज्येष्ठ वाचकांस नवल वाटेल. त्यांच्या नातवंडांस वाटणार नाही.

१९६५ साली डीसी या प्रकाशनसंस्थेच्या 'ग्रीन लँटर्न' नियतकालिकाचा ४० वा अंक निघाला. कथा जॉन ब्रूम यांची, चित्रे गिल केन यांची. (गिल केन हे धारण केलेले नाव, मूळचे ते एली कॅट्झ, १९२६ साली रिगा येथे एका ज्यू कुटुंबात जन्मलेले.) ओआ नामक ग्रहावर अमर असे ज्ञानी लोक राहतात. विश्वाचा उगम शोधू गेल्यास महान अनर्थ ओढवेल, अशी त्यांच्यात दंतकथा आहे. क्रोना नावाचा शास्त्रज्ञ ती मानीत नाही. काळाच्या आरंभापर्यंत पाहणारे यंत्र तो उभारतो आणि त्याला दिसतो एक प्रचंड हात. त्या हातात तारकांचा पुंज. तत्क्षणी वीज कडाडते, यंत्राचे तुकडे होतात आणि विश्वात दुष्टता पसरते. क्रोनाचे शरीर हिरावून घेऊन त्याला निव्वळ ऊर्जेच्या रूपात अंतराळात भटकत ठेवण्यात येते. हात कोणाचा, हे ब्रूम सांगत नाहीत. चेहरा नाही, नाव नाही, वाणी नाही.

आम्हांला ते चित्र परके वाटत नाही. १९२८ साली हेफझिबा किबुत्झच्या सभासदांना पाण्याचा पाट खणताना बेथ अल्फाच्या प्राचीन सिनेगॉगची फरसबंदी सापडली. सहाव्या शतकातील त्या रंगीत खड्यांच्या चित्रात अब्राहाम इसहाकाला अर्पण करावयास निघाला आहे आणि वरून एक हात पुढे आला आहे. परमेश्वराचे एवढेच दर्शन मारियानोस व त्याचा पुत्र हनिना या कारागिरांनी घडविले. ज्यांनी ही फरसबंदी अद्याप पाहिली नसेल त्यांनी एकदा अवश्य पाहावी. तेथील मेंढादेखील पाहण्याजोगा आहे.

परंतु डीसीचे विश्व एका लेखकाचे नाही. मालकी संस्थेची, लेखक येतात आणि जातात, आणि प्रत्येकाला आधीच्याने मांडलेल्या संसारात राहावे लागते. १९६१ साली गार्डनर फॉक्स यांनी 'फ्लॅश'च्या एका कथेत दुसरी पृथ्वी कल्पिली व १९४० च्या दशकातील जुने नायक तेथे वसविले. पुढे पृथ्व्यांची संख्या इतकी वाढली की हिशेब राहीना. तेव्हा १९८५-८६ मध्ये मार्व्ह वोल्फमन आणि चित्रकार जॉर्ज पेरेझ यांनी 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' ही बारा अंकांची कथा रचली. वोल्फमन यांनी क्रोनाचे जुने पाप उचलले आणि त्याला नवा अर्थ दिला: त्या क्षणी एकसंध विश्व दुभंगले, त्यातून अनंत विश्वे व प्रतिद्रव्याचे एक विश्व निर्माण झाले. मूळ लेखक जेथे गप्प बसला तेथे भाष्यकाराने बोलावे, ही आपल्याकडील जुनीच रीत होय. इथपर्यंत वोल्फमन हे उत्तम मिद्राशकार आहेत.

मात्र पुढे त्यांनी ती विश्वे नष्ट केली. कथेच्या शेवटी एकच विश्व उरले, आणि इतर कधी नव्हतीच असे ठरले. रब्बी अब्बाहू यांच्या नावे असे वचन आहे की, हे जग निर्माण करण्यापूर्वी परमेश्वर जगे घडवी व मोडी. पण तो अधिकार परमेश्वराचा. भाष्यकाराचा खचितच नव्हे. गेमाराच्या पानावर एका बाजूस राशी, दुसऱ्या बाजूस तोसाफोथ. रब्बेनू ताम हे राशींचे सख्खे नातू. आजोबांचे मत त्यांनी कितीदा तरी खोडून काढले, पण आजोबांची ओळ पानावरून काढली नाही. आपल्या कीर्तनकारांनीही बायबलातील आख्याने मराठी पदांनी हवी तशी नटविली. प्रसंग मात्र जागचे हलविले नाहीत. आधीच्यांचे लेखन 'घडलेच नाही' असे फर्मावणे, ही चित्रकथांतील रीत आम्हांस पटत नाही.

ती पुढील लेखकांसही पटली नसावी. वोल्फमन यांनीच एक फट ठेवली होती: शेवटच्या पानावर वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेला सायको-पायरेट हा एकटा दुर्जन ती नाहीशी झालेली जगे आठवीत बसतो. ग्रँट मॉरिसन यांनी १९८८ ते १९९० च्या 'अ‍ॅनिमल मॅन'मध्ये त्याच वेड्याला पुन्हा पुढे आणले. त्या मालिकेच्या अखेरीस नायकाची गाठ आपल्या कर्त्याशी, म्हणजे साक्षात मॉरिसन यांच्याशी पडते! २००८ च्या 'फायनल क्रायसिस'मध्ये सर्व विश्वांच्या पलीकडे त्यांनी एक अथांग शुभ्र पोकळी कल्पिली. ती म्हणजे न लिहिलेला कोरा कागद. २०१४ साली 'मल्टिव्हर्सिटी'च्या निमित्ताने ५२ विश्वांचा वर्तुळाकार नकाशाही प्रसिद्ध झाला. २०१७ मध्ये स्कॉट स्नायडर यांनी त्या नकाशाखाली आणखी एक अंधारे विश्वजाल काढले.

त्या हाताचे काय झाले? स्नायडर आणि जेम्स टायनियन यांच्या २०१८-१९ च्या 'जस्टिस लीग'मध्ये विश्वजालाची एक निर्माती आहे, पर्पेच्युआ. आणि ती 'हात' नावाच्या एका जातीपैकी आहे. म्हणजे एकवचनी हात अनेकवचनी झाला, त्याला चेहरा मिळाला, वंशावळ मिळाली, आणि त्याच्यावर न्यायाधीशही नेमले गेले. कल्पना चतुर आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु प्रत्येक निर्मात्याच्या मागे त्याचा निर्माता उभा करीत गेले तर ओळ संपणार कोठे? केन यांनी मनगटापाशी थांबविलेले चित्र आम्हांस अधिक भयकारी वाटते. ज्यांच्या नातवंडांपाशी त्या जुन्या अंकाचे पुनर्मुद्रण असेल, त्यांनी ते पान मागून पाहावे.

प्रतिस्पर्धी मार्व्हल संस्थेत अशा घडामोडी वेगळ्याच रीतीने झाल्या. तेथे जॅक कर्बी, म्हणजे न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडवरील जेकब कुर्त्झबर्ग, यांनी ग्रह गिळणारा गॅलॅक्टस उभा केला आणि इतर लेखकांनी त्याला हळूहळू विश्वाच्या तराजूचे एक पारडे बनविले. ती हकीकत पुढील अंकी.