साठ-चाळीसमध्ये आपण कुठे?

सॅलरी स्लिपवरचा टॅक्स बघून आपण वैतागतो. पण त्यातलं पोलिसांना काय मिळतं, कधी विचारलंय? पोलीस हा राज्याचा विषय. तरी नवी शस्त्रं, संपर्क यंत्रणा, फॉरेन्सिक साधनं घ्यायची तर राज्यं केंद्राच्या अनुदानाकडे बघतात. महाराष्ट्रासाठी वाटणी ६०:४०. २०२१-२२ ते २०२५-२६ साठी केंद्राने देशभरात ४,८४६ कोटींची तरतूद केली होती.

आता कोल्हापूरचं वारणानगर बघा. १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’मधून या भागातल्या ७० गावांत कॉम्प्युटर आणायचे ठरले, तेव्हा केंद्र आणि राज्याबरोबर वारणेच्या सहकारी संस्थांनीही १० टक्के वाटा उचलला. पदरचे पैसे घातले की माणूस हिशेब मागतोच! पोलिसांच्या साठ-चाळीसमध्ये मात्र गावासाठी रकानाच नाही.

आणि याच वारणानगरातल्या २०१६ च्या रोकड चोरीच्या तपासात सांगलीच्या काही पोलिसांवरच कोट्यवधी लाटल्याचा आरोप झाला. मशीन ग्रँटमधून येतं बॉस, भरवसा नाही.

जिल्हा नियोजन समितीही पोलिसांसाठी निधी देते, आणि तिथे आपण निवडून दिलेली माणसं बसतात. पुढच्या सुट्टीत गावी गेलात की त्यांना गाठा. नवे कॅमेरे कधी येणार, एवढंच नको. पोलिसांचा हिशेब कोण बघतं, हेही विचारा.