एआयचं नाटक गिरणीतच व्हायला हवं

कृत्रिम बुद्धिमत्तेवर प्रायोगिक नाटक करायचं आणि तेही नाट्यगृहात नव्हे, गिरणगावातल्या बंद गिरणीच्या शेडमध्ये, असं म्हटलं की चार आक्षेप हमखास येतात. चारही प्रामाणिक आहेत, म्हणून चारही तपासले पाहिजेत. माझं मत आधीच सांगतो: एआयवरच्या मराठी नाटकाला लालबाग-परळच्या गिरणीइतकी हक्काची जागा दुसरी नाही, आणि उरलेल्या शेडपैकी किमान एक त्यासाठी राखली पाहिजे.

पहिला आक्षेप नकलेचा. युरोपात भाविक घटले, चर्च ओस पडली आणि नाटकवाल्यांनी ती घेतली. एडिनबरोचं बेडलॅम थिएटर मूळचं चर्चच आहे. मग त्यांचं फॅड आपण का उचलायचं? यातला अर्धा मुद्दा मला मान्य आहे. गिरगावचं सेंट तेरेसा किंवा दादरचं पोर्तुगीज चर्च ओस पडलेलं नाही, तिथे आजही नित्य उपासना चालते. वसईच्या किल्ल्यातली चर्च भग्न असली तरी त्या भागातल्या ख्रिस्ती समाजाचं त्यांच्याशी नातं तुटलेलं नाही. तिथे दिवे आणि स्पीकर घेऊन जायचा हट्ट कुणी धरू नये. पण मुंबईत ओस पडलं ते दुसरंच काही. १८५६ साली ताडदेवला पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर एकेक भोंगा बंद होत गेला. आपल्या रिकाम्या वास्तू या आहेत.

आणि विषय तरी परका कुठे आहे? १९२८ साली मालकांनी विणकराला दोनऐवजी तीन माग आणि सूतकताईतल्या कामगाराला एकाऐवजी दोन बाजू सांभाळायला लावायची योजना आणली. त्याविरुद्ध सुमारे दीड लाख कामगार एप्रिल ते ऑक्टोबर संपावर राहिले. त्याच वर्षी लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. यंत्रामुळे वाढलेल्या उत्पादनाचा फायदा कुणाच्या खिशात जायचा आणि उरलेल्या माणसांनी जायचं कुठे, हा प्रश्न परळने शंभर वर्षांपूर्वी रस्त्यावर येऊन विचारला होता. आज तोच प्रश्न अनुवादक, चित्रकार, हिशेबनीस आणि कॉल सेंटरमधली मुलं विचारताहेत.

दुसरा आक्षेप म्हणतो, नाटक करा, पण नाट्यगृहात करा. जागेचं कौतुक म्हणजे संहितेची कमजोरी झाकणं. जागेने वाईट नाटक चांगलं होत नाही, हे खरंच. पण १९७४पासून अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांच्या ‘आविष्कार’ने दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात चळवळ उभी केली, ती सजावटीच्या हौसेपायी नव्हे. भाडं परवडत होतं, प्रेक्षक हाताच्या अंतरावर होता आणि फसण्याची मुभा होती. व्यावसायिक नाट्यगृहाच्या तारखा आणि भाडं यांत ही मुभा मिळत नाही. शिवाय नाट्यगृहं तरी टिकताहेत का? कामगारांच्या नाटकांचं, दशावताराचं, नमनाचं माहेर असलेलं परळचं दामोदर नाट्यगृह शंभरी ओलांडल्यावर २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. प्रयोगशील रंगभूमीला जागा हवी, ही मागणी चैनीची नाही.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्री लागलेल्या आगीत १४ माणसं गेली. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. बांधकामाची तपासणी, अग्निशमन दलाची परवानगी आणि बाहेर पडायचे मोकळे मार्ग यांशिवाय एकही प्रयोग होता कामा नये. पण यातून शेड सुरक्षित करा, असा निष्कर्ष निघतो. शेड पाडा, असा नाही.

चौथा आक्षेप सगळ्यांत जड आहे आणि तो बहुधा जुन्या कामगारांच्या घरांतून येतो: आमच्या बापाच्या घामाची जागा तुम्ही नेपथ्य म्हणून वापरणार आणि तिकीट काढून श्रीमंत माणसं हळहळायला येणार. ही भीती खरी आहे. लोअर परळच्या फिनिक्स मिलमध्ये चिमणी जपली आणि खाली मॉल आला. नाटकानेही तेच केलं तर ते पाप ठरेल. पण याला उत्तर रंगभूमीनेच देऊन ठेवलंय. जयंत पवारांचं ‘अधांतर’ संपानंतरच्या कामगार कुटुंबाला मध्यभागी ठेवतं. रामू रामनाथन यांचं, सुनील शानबाग दिग्दर्शित ‘कॉटन ५६, पॉलिएस्टर ८४’ गिरणी कामगारांचाच इतिहास सांगतं. माणसाला मध्यभागी ठेवलं की जागा आपोआप नेपथ्य राहत नाही.

एआयच्या नाटकातही तेच करता येतं. कारेल चापेकच्या ‘आर.यू.आर.’ या नाटकाचा प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात १९२१ साली प्रयोग झाला, तेव्हा कृत्रिम माणूस रंगमंचावर आला तो कारखान्यात, मजूर म्हणून. त्याच नाटकाच्या शताब्दीनिमित्त २०२१ मध्ये प्रागमध्येच संगणकाने लिहिलेल्या संहितेचा प्रयोग झाला. यंत्र लिहू शकतं, हे कळलं. त्या यंत्रामागे कोण राबतं, हे आता दाखवायला हवं. चॅटजीपीटीसाठी हिंसक आणि किळसवाणा मजकूर वाचून त्यावर खुणा करणाऱ्या नैरोबीच्या कामगारांना तासाला दोन डॉलरहून कमी मजुरी मिळत होती, हे ‘टाइम’ नियतकालिकाने २०२३ मध्ये उघड केलं. गिरणगावात हा माणूस ओळखीचा आहे. पहाटे गेटवर उभं राहायचं, कायम कामगार आला नाही तरच खाडा भरून काढायला आत जायचं, नाहीतर घरी परतायचं: बदली कामगार असाच जगला. त्या दोघांना एका शेडमध्ये समोरासमोर आणणारं नाटक मराठीतच लिहिलं जाऊ शकतं, कारण त्यातल्या एकाची भाषा मराठी आहे.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ मध्ये महापालिकेने टेक्स्टाइल म्युझियमची योजना आखली आहे. तिथली एक शेड काचेच्या कपाटांनी न भरता प्रायोगिक नाटकासाठी मोकळी ठेवावी. भाडं एका हौशी संस्थेला झेपेल इतकंच असावं आणि गिरणी कामगारांच्या कुटुंबांना प्रवेश मोफत असावा. नाट्यसंस्थांनी परवानगीची वाट न पाहता संहितांवर काम सुरू करावं आणि पहिलं वाचन लालबागच्या चाळीत, कामगारांसमोर करावं. वाचकहो, तुमच्या प्रभागातल्या नगरसेवकाला ही मागणी लेखी कळवा. शेड पाडल्यावर केलेली मागणी कुणाच्याही उपयोगाची नसते.