या आठवड्यात शाळेत काय झालं, हे गावाने विचारलं पाहिजे



२००९ च्या पावसाळ्यात, रोवणे चालू असताना, आमच्या घरी वनहक्काच्या दाव्याचा कागद आला. मी तेव्हा तालुक्याला वसतिगृहात होती, बारावीत. घरात वाचता येणारा एकच, माझा लहान भाऊ, चौथीतला. बाबांनी त्याला कागद वाचायला सांगितलं. वर्गात वाचतात तसा तो उभा राहिला आणि खणखणीत आवाजात पूर्ण कागद वाचून काढला. एक अक्षर चुकला नाही. बाबांनी विचारलं, "काय लिहून आहे?" तो म्हणाला, "वाचलो ना बाबा!"

सरकारचा शिक्का पाहून बाबांना वाटलं, पट्टा मंजूर झाला. कागद पेटीत जपून ठेवला. दिवाळीला मी घरी आली तेव्हा पाहिला. त्यात लिहून होतं की पुरावा कमी आहे म्हणून दावा नामंजूर, आणि साठ दिवसांच्या आत अपील करता येईल. साठ दिवस केव्हाचेच संपले होते. आजोबापासून कसत आलेल्या तीन एकर बांदीसाठी आम्ही आजही खेटे घालून राहिलो.

मी भावाला दोष देत नाही. त्याला शाळेत जे शिकवलं तेच त्याने केलं. चार वर्षं त्याने मराठी अक्षरांचा आवाज काढायचं शिकलं. त्या आवाजात काही निरोप असतो, हे त्याला कोणी शिकवलं नाही.

आपल्या पत्रकात जमिनीचं येते, बांबूचं येते, तेंदूच्या भावाचं येते. शाळेचं फारसं येत नाही. आपण समजतो की पोरगं शाळेत गेलं म्हणजे शिकलं. ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारने पूर्ण राज्यात पट पडताळणी केली. पोरांच्या बोटाला शाई लावून डोकी मोजली. पोरं किती ते मोजलं, शिकली किती ते कोणी मोजलं नाही. म्हणून मी ठरवलं की आपणच पाहू. माझा भाचा यंदा पहिलीत आहे. गुरुजींना विचारलं, ते हो म्हणाले, आणि धान कापणी झाल्यावर मी सोमवार ते शनिवार पूर्ण आठवडा वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसली. जे पाहिलं ते लिहिते.

सोमवार. शाळा पहिली ते चौथी. पटावर ३४, हजर २१. दोन गुरुजींपैकी एक केंद्रावर सभेला गेले होते. राहिलेले एक, आणि वर्ग चार, खोली एक. तिसरी-चौथीला पुस्तकातला धडा वहीत उतरवायला दिला. दुसरीला पाढे. पहिलीच्या पोरांनी पाटीवर एकच अक्षर दुपारच्या खिचडीपर्यंत गिरवलं. गुरुजी बसून नव्हते, एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे फिरतच होते. पण एक माणूस चार बांद्यांवर एका वेळी नांगर धरेल कसा?

मंगळवार. पहिलीला अक्षरांचा तक्ता. "ऐ ऐरणीचा." पोरं गप्प. आमच्या गावात लोहार आहे, ही पोरं रोज त्याच्या भात्याजवळ उभी राहतात, ऐरण त्यांनी माझ्यापेक्षा जास्त पाहिली आहे. पण मराठी नाव माहीत नाही, म्हणून ते चित्र त्यांना परक्या मुलखातलं वाटलं. मग गुरुजींनी विचारलं, "घरी पाणी कुठून आणता?" पुन्हा गप्प. चौथीतली एक मुलगी मागून गोंडीत बोलली, "येर" म्हणाली, आणि काय गलका उडाला! बोडी, नाला, हातपंप, कोणाची बादली नाल्यात वाहून गेली, सगळं बाहेर आलं. सकाळपासून मुकी वाटणारी पोरं दहा मिनिटं थांबली नाहीत. गुरुजींना एक शब्द समजला नाही. ते हसत उभे राहिले.

बुधवार. गणित. चौथीच्या एका मुलाला फळ्यावर ७० गुणिले ५ करायला सांगितलं. त्याने ३५ लिहिलं आणि खाली मान घालून उभा राहिला. मधल्या सुट्टीत मी त्याला विचारलं, "पाच पुड्यात पानं किती?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की हिला एवढंही माहीत नाही का. लगेच म्हणाला, "साडेतीनशे." उन्हाळ्यात तो आईसंग तेंदूचे पुडे बांधतो. सत्तर पानांचा पुडा त्याच्या बोटात बसला आहे. गोंडीत उंदी, रंड, मूंद, नालूंग, सय्यूंग मोजत त्याने हिशोब केला. वर्गात तो ढ आहे आणि फडीवर हुशार. मग ढ कोण, तो की त्याला विचारलेला प्रश्न?

गुरुवार. बाजाराचा दिवस. आठ पोरं आली. बाकीची आईबापासंग बाजाराला, नाहीतर घरी लहान्याला सांभाळत. आठ पोरांत नवीन काय शिकवायचं म्हणून जुनंच घेतलं. हे दर गुरुवारी होते.

शुक्रवार. दुसरे गुरुजी आले, पण दोघंही दिवसभर कागदं भरत होते. खिचडीचा हिशोब, पटाची माहिती, कोणता तरी तक्ता वर पाठवायचा होता. पोरांनी अंगण झाडलं, मग खेळली.

शनिवार. सकाळची शाळा. परिपाठ, कवायत, गाणी, चित्र. मी आदल्या दिवशी गुरुजींना एक सुचवलं होतं आणि त्यांनी ऐकलं. पोरांना सांगितलं की येताना जंगलातून पानं घेऊन या. मोह, तेंदू, चार, येन, पळस, हिरडा, मला नाव नाही आलं अशीही काही. पोरांनी एकेक पान वर धरून गोंडीत नाव सांगितलं, कोणाला फळ येते, कोणाचा डिंक निघतो, कोणतं बैलाला चालते ते सांगितलं. मी मराठीत सांगत गेली. गुरुजींनी फळ्यावर दोन ओळी केल्या, वर गोंडी नाव देवनागरीत, खाली मराठी. मग त्यांनी झाडाचं चित्र काढून शेजारी लिहिलं "मडा". माझा भाचा सोमवारपासून एकच अक्षर गिरवत होता. तो फळ्याजवळ गेला, दोन अक्षरांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "मडा." घरी येऊन त्याने भिंतीवर कोळशाने तेच लिहिलं. आता पुसू देत नाही.

आठवड्यात पहिलीच्या वाट्याला खरं शिकवणं किती आलं ते मी घड्याळ लावून लिहीत होती. सहा-सात तासांच्या वर गेलं नाही. आता कायदा काय म्हणतो ते पहा. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्काचा कायदा लागू आहे. त्यात पहिली ते पाचवीला सालाचे २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं सांगितलं आहे. म्हणजे दिवसाला चार तास, सहा दिवसांच्या आठवड्याला चोवीस. शिक्षकाने आठवड्याला तयारी धरून ४५ तास काम करायचं आहे. शिकवण्याची भाषा जिथवर जमेल तिथवर मुलाची मातृभाषा असावी, हेही त्यात आहे. राज्यघटनेच्या ३५० क कलमात प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिकवण्याची सोय करायला सांगितलं आहे, ते तर १९५६ पासून. आणि शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन सदस्य पालक असले पाहिजेत, एकूण निम्म्या बाया. आमच्या गावच्या समितीतल्या बायांना मी विचारलं. एकीला आपण सदस्य आहो हे माहीत होतं. बाकीच्यांनी अंगठा दिला होता, कशावर ते आठवत नव्हतं.

आपल्यातले काही सयाने म्हणतात, "गोंडी तर घरी येतेच. शाळेत कायले पाहिजे? पोराले मराठी येऊ दे, नोकरी लागेल." मी त्यांचं खोटं म्हणत नाही. मराठी पाहिजेच. दाव्याचा अर्ज मराठीत, नामंजुरीचा कागद मराठीत, हा लेखही मराठीतच आहे. पण मी स्वतः पहिलीत "एकीला जाऊ का" हे मराठीत म्हणता येत नव्हतं म्हणून जागेवरच लाजून बसली होती. मराठी समजायला मला तिसरी उजाडली. तोवर माझ्यासंगच्या सहा मुलींपैकी चौघी घरी बसल्या होत्या. गोंडीच्या पायरीवर पाय ठेवून मराठीवर चढता येते. ती पायरी काढून घेतली तर जी पोरं उंच उडी मारू शकतात तीच पोहोचतात, बाकीची खालीच राहतात.

गुरुजींची बाजूही सांगितली पाहिजे. ते दूरच्या जिल्ह्यातले. गोंडी त्यांना येत नाही, शिकवायला आलो तेव्हा कोणी सांगितलंही नाही असं ते म्हणाले. खोलीचं तर काही विचारूच नका. दुसरी खोली मागितली की जंगल जमीन आहे म्हणून अडते असं उत्तर मिळते. पण आपल्याच वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, अंगणवाडी, दवाखाना यांच्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी जंगल जमीन घेता येते, हेक्टरी ७५ च्या वर झाडं न तोडता, ग्रामसभेची शिफारस असली तर. शिफारस आपल्या हातात आहे. आपण ती आजवर केली नाही.

आणि आपली चूकही लिहिली पाहिजे, नाहीतर हे पत्रक नुसतं दुसऱ्याला बोट दाखवणारं होईल. मोहाच्या दिवसात आपण पोरांना अंधारातच उठवून मोह वेचायला नेतो, मग ती वर्गात पेंगतात. मोर्चाला नेतो, पण मोर्चा कशाचा ते सांगत नाही. गुरुजी चार दिवस आले नाही तर पाचव्या दिवशी कुरकुर करतो, शाळेत जाऊन विचारत नाही. ठेकेदाराने शेकड्यामागे दोन पुडे जास्त घेतले तर आपण फडीवर भांडतो. पोरांचे आठवड्याचे सतरा-अठरा तास जातात, त्यावर आपण एकदाही भांडलो नाही.

मेंढा लेखाचं सगळ्यांना माहीत आहे. २००९ मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना गावाच्या हातात आला. पण त्याच्या किती तरी आधीपासून तिथे अभ्यासगट बसत होते. लोक बसून कायदा समजून घेत, मग ठरवत. आपल्या गावांचे सामूहिक दावे आता तयार होत आहेत. दावा मिळाला की काम संपत नाही. जंगल राखायचं, माल मोजायचा, पैसा वाटायचा, हिशोब लिहायचा. हे दहा-बारा सालाने कोण करेल? आज जो पहिलीत एकच अक्षर गिरवून राहिला तोच. त्याला हिशोब आला नाही तर ठेकेदाराचा मुन्शी पुन्हा आपल्या ग्रामसभेत येऊन बसेल.

म्हणून माझं म्हणणं असं, की प्रत्येक ग्रामसभेने पुढच्या बैठकीत यावर बोलावं:

एक. दर शनिवारी संध्याकाळी एक तास गोटुलात नाहीतर झाडाखाली बसायचं. पोरांनी आठवड्यात काय केलं ते आपल्या भाषेत सांगायचं, वही दाखवायची. ज्या आईबापाला वाचता येत नाही त्यांनीही विचारायचं. "काय वाचलं" एवढ्यावर थांबायचं नाही, "त्याचा अर्थ काय" हे विचारायचं.

दोन. पहिली-दुसरीत गावातला शिकलेला एक मुलगा किंवा मुलगी रोज दोन तास गुरुजींच्या मदतीला बसेल. गुरुजींनाही आठवड्याला दहा गोंडी शब्द शिकवायचे. आमचे गुरुजी तयार आहेत. आतापर्यंत त्यांना बावीस आले.

तीन. बाजाराच्या दिवशी शनिवारसारखी सकाळची शाळा भरवावी असा ठराव करून द्यायचा, म्हणजे पोरं शाळा करून बाजाराला जातील.

चार. तिसरीला जिल्ह्याचा भूगोल आहे. त्यासंगच पोरांनी आपल्या गावाचा नकाशा काढावा. शीव कुठून जाते, नाला कुठे, देवाची जागा कोणती, तेंदू कुठे, बांबू कुठे. सयान्यांनी संग फिरून दाखवावं. हाच नकाशा पुढे सामूहिक दाव्याच्या वेळी समजायला कामी येईल. चौथीत शिवाजी महाराजांचा इतिहास आहे, तो शिकावाच. त्यासंग १८५८ मध्ये चांद्याला फाशी गेलेल्या वीर बाबुराव शेडमाकेंची गोष्टही सयान्यांनी येऊन सांगावी.

पाच. शाळा समितीची यादी शाळेच्या भिंतीवर लावावी आणि न वाचून दाखवलेल्या कागदावर कोणीही अंगठा देऊ नये.

यासाठी मोर्चा लागत नाही, वकील लागत नाही. आठवड्याचा एक तास लागते.

आमच्या गावात तीन शनिवार झाले. पहिल्या शनिवारी पाच बाया आल्या, दुसऱ्याला अकरा. तिसऱ्याला बाबा आले. त्यांनी पेटीतून तोच जुना कागद आणला आणि भावाला पुन्हा वाचायला दिला. तो आता आश्रमशाळेत सहावीत आहे, सुट्टीत घरी आला होता. या वेळी तो एक ओळ वाचे आणि थांबून गोंडीत सांगे. साठ दिवसांच्या ओळीवर आला तेव्हा त्याचा आवाज खाली गेला. बाबा काही बोलले नाही. त्यांनी कागद घडी करून पुन्हा खिशात ठेवला आणि म्हणाले, पुढच्या शनिवारी येतो.

तुमच्या गावात काय झालं ते या पत्रकाला लिहून पाठवा. लिहिता येत नसेल तर पोराला सांगून लिहवा, आणि त्याने लिहिलेलं त्याच्याकडूनच समजून घ्या.

सेवा जोहार!