डोंगरमाथ्यावरचे लग्न आणि कॅमेऱ्याची साक्ष

‘पळून जाऊन लग्न’ हे शब्द मराठी कानावर पडले की डोळ्यांसमोर उभी राहते ती एस.टी. स्थानकावरची धाकधूक, मित्रांनी घाईघाईत जमवलेले साक्षीदार आणि मागे दोन्ही घरांत उसळलेला कल्लोळ. इंग्रजीतील ‘इलोपमेंट’ या शब्दालाही मुळात हाच अर्थ होता. अमेरिकेत मात्र गेल्या दशक-दीड दशकात त्याचा अर्थ पार पालटला आहे. तेथे आज ‘इलोपमेंट’ म्हणजे कित्येक महिने आधी ठरवलेले, परवाने काढून, हवामानाचा आणि उजेडाचा अभ्यास करून एखाद्या पर्वतराजीत दोघांनीच लावलेले लग्न. घरच्यांना ते ठाऊक असते, बहुधा मान्यही असते. म्हणजे पळणारे दोघे आहेत, पण पाठलाग करणारे कोणी नाही. सोबतीला असतो तो एक छायाचित्रकार. आणि या साऱ्या बेताची सूत्रेही बहुतेक वेळा त्याच्याच हाती असतात.

श्रीमंत देशातील हौस म्हणून या प्रथेकडे दुर्लक्ष करणे सोपे आहे. तथापि लग्नाला साक्षीदार कशासाठी लागतो, दोघांचा एकांत नेमका कोणासाठी असतो आणि डोंगरावर हक्क कोणाचा, असे तीन गंभीर प्रश्न ती आपल्यापुढे ठेवते.

पळून जाण्याची वाट कायद्याच्या फटीतून जाते, हा इतिहासाचा दाखला आहे. इंग्लंडमध्ये १७५३ साली लॉर्ड हार्डविक यांचा विवाहविषयक कायदा संमत झाला. एकवीस वर्षांखालील मुलामुलींच्या लग्नाला पालकांची संमती आवश्यक ठरली आणि चर्चबाहेरच्या गुपचूप लग्नांना बंदी आली. स्कॉटलंडमध्ये तो कायदा लागू नव्हता. तेथे दोन साक्षीदारांसमोर दिलेले वचन पुरेसे होते. साहजिकच सीमेपलीकडचे ग्रेटना ग्रीन हे खेडे पळालेल्या प्रेमिकांचे तीर्थक्षेत्र बनले आणि तेथील लोहाराची ऐरण विवाहवेदी ठरली. १८५६ च्या कायद्याने लग्नापूर्वी स्कॉटलंडमध्ये एकवीस दिवसांच्या वास्तव्याची अट घातली, तेव्हा हा ओघ आटला. लक्षात घ्यायचे ते इतकेच, की सर्वस्व सोडून पळालेल्यांनाही दोन साक्षीदार लागतच होते.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने तीही अट ठेवलेली नाही. तेथे वधू-वर स्वतःच स्वतःचे लग्न लावू शकतात. पुरोहित नको, न्यायाधीश नको, साक्षीदारही नको. काउंटीच्या कार्यालयातून तीस डॉलर भरून परवाना घ्यायचा, पस्तीस दिवसांच्या आत लग्न करायचे, दोघांनी सही करायची आणि कागद मुदतीत परत पोहोचवायचा. रॉकी पर्वताची उत्तुंग शिखरे आणि हा सुटसुटीत कायदा एकत्र आल्यावर हे राज्य नव्या पद्धतीच्या लग्नांचे माहेरघर झाले, यात नवल नाही. वॉशिंग्टन राज्यात, जेथे माउंट रेनियरचे हिमशिखर अशा जोडप्यांना खुणावते, परवाना मिळाल्यावर तीन दिवस थांबावे लागते. लग्न लावणारा अधिकृत माणूस आणि दोन साक्षीदारही लागतात. तेथे साक्षीदार म्हणून सही करणाऱ्यांत अनेकदा छायाचित्रकारच असतो.

या लाटेमागे अर्थकारण आहे, हे उघड आहे. ‘द नॉट’ या विवाहविषयक संकेतस्थळाच्या पाहणीनुसार २०२३ मध्ये अमेरिकेतील लग्नाचा सरासरी खर्च सुमारे ३५ हजार डॉलर होता. नातलगांच्या याद्या, सभागृहाचे भाडे, जेवणावळी या साऱ्याला विटलेल्या तरुणांना काही हजार डॉलरमध्ये छायाचित्रांसह पार पडणारे डोंगरातील लग्न आकर्षक वाटले. २०२० मध्ये करोनाच्या साथीने मोठ्या समारंभांवर निर्बंध आणले आणि जी निवड काही जणांपुरती होती ती अनेकांची अपरिहार्यता बनली. साथ ओसरली, सवय उरली.

या लग्नात छायाचित्रकाराची भूमिका विलक्षण विस्तारली आहे. आपल्याकडे लग्नाचा फोटोग्राफर कार्यालयात शिरतो तेव्हा मुहूर्त, मांडव, पंगत सारे इतरांनी ठरवलेले असते. येथे ठिकाण सुचवण्यापासून त्याचे काम सुरू होते. रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानातील ट्रेल रिज हा रस्ता १२,१८३ फुटांपर्यंत चढतो आणि साधारणतः मे महिन्याच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच खुला असतो. फुलांचे ताटवे हवे असतील तर जुलै, अॅस्पेन वृक्षांची सोनेरी पाने हवी असतील तर सप्टेंबरची अखेर. परंतु जुलै-ऑगस्टमध्ये दुपार झाली की विजांची वादळे घेरतात. त्यामुळे मुहूर्त ठरतो तो पंचांगाने नव्हे, तर हवामानाने. पहाटे अंधारात कपाळाला दिवा बांधून चढायचे, लग्नाचा पोशाख पाठीवरच्या पिशवीतून न्यायचा, सूर्योदयाच्या उजेडात वचने द्यायची आणि दुपारपूर्वी झाडीच्या रेषेखाली उतरायचे. मैदानी प्रदेशातून येणाऱ्यांनी एक-दोन दिवस आधी पोहोचून विरळ हवेची सवय करून घ्यायची. ठरलेली वाट बर्फाने अडली तर दुसरे ठिकाण हाताशी हवे आणि मोबाइलला संपर्क नसलेल्या दरीत उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे यंत्र जवळ हवे. ही सारी जुळवाजुळव चांगला छायाचित्रकार करतो. त्याचा मोबदला मोठा असतो तो एवढ्यासाठीच.

पण नेमका येथेच एक अंतर्विरोध दडलेला आहे. जो सुरक्षिततेचा सल्ला देतो, त्याचाच व्यवसाय थरारक चित्रावर उभा आहे. कड्याच्या टोकावर उभ्या जोडप्याचे छायाचित्र हे त्या दोघांची आठवण असते आणि त्याच वेळी पुढच्या गिऱ्हाईकासाठी केलेली जाहिरातही. कड्यापासून दहा पावले मागे उभे राहा, असे सांगणारा छायाचित्रकार स्वतःच्याच जाहिरातीवर पाणी सोडत असतो. असे सांगणारे प्रामाणिक लोक या व्यवसायात आहेत, हे मान्यच करायला हवे. परंतु गिऱ्हाइकाने केवळ प्रामाणिकपणावर विसंबून राहावे, ही काही व्यवस्था नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत मोबदला घेऊन वाटाड्याचे काम करायला वेगळी अनुमती लागते. छायाचित्रकाराकडे ती आहे का, त्याने निर्जन प्रदेशातील प्रथमोपचाराचे शिक्षण घेतले आहे का, हवामान बिघडल्यास बेत रद्द करण्याचा अधिकार कोणाचा आणि पैशांचे काय, हे प्रश्न त्याच्या सुंदर छायाचित्रांइतकेच महत्त्वाचे आहेत. करार करताना ते विचारले गेले पाहिजेत.

धोका काल्पनिक नाही. २०१४ च्या जुलैमध्ये रॉकी माउंटन उद्यानात ट्रेल रिज मार्गाच्या परिसरात लागोपाठ दोन दिवसांत वीज पडून दोन पर्यटक मृत्युमुखी पडले. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातील योसेमिटी उद्यानात टॅफ्ट पॉइंट या कड्यावरून कोसळून एका तरुण भारतीय दांपत्याचा अंत झाला. ते लग्नासाठी तेथे गेले नव्हते. मात्र जोडप्यांच्या छायाचित्रांसाठी तो कडा तेव्हाही प्रसिद्ध होता. पर्वताला आपल्या आयुष्यातील मंगल दिवस कोणता याची खबर नसते.

आता डोंगराच्या बाजूने पाहू. झाडीच्या रेषेवरचा टुंड्रा हा अत्यंत नाजूक प्रदेश. तेथील बोटभर उंचीची रोपे वर्षातील मोजक्या आठवड्यांत वाढतात आणि तुडवली गेली तर पूर्ववत व्हायला दशके, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. दोघांच्या पावलांनी काय बिघडते, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण छायाचित्र प्रसिद्ध होते, ठिकाणाचे नाव सर्वदूर पोहोचते आणि त्या दोघांमागून शेकडो जोडपी त्याच शिळेवर येऊन उभी राहतात. याच चिंतेतून वायोमिंगमधील जॅक्सन होल येथील पर्यटन मंडळाने २०१८ मध्ये पर्यटकांना छायाचित्राबरोबर नेमके ठिकाण न सांगण्याचे आवाहन केले.

सरकारी यंत्रणेनेही पावले उचलली आहेत. रॉकी माउंटन उद्यानात वधू-वर दोघेच असले तरी लग्नासाठी परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी तीनशे डॉलर शुल्क असून जागाही नेमून दिलेल्या आहेत. उन्हाळी गर्दीच्या दिवसांत प्रवेशाची वेळ आगाऊ राखून ठेवण्याची पद्धत २०२५ च्या हंगामातही होती. दुसरीकडे, जानेवारी २०२५ मध्ये संमत झालेल्या ‘एक्सप्लोअर’ कायद्याने सहापेक्षा कमी माणसांच्या साध्या छायाचित्रणासाठी राष्ट्रीय उद्यानांतील परवान्याची आणि शुल्काची अट ठरावीक मर्यादांत काढून टाकली. छायाचित्र काढण्याची मोकळीक मिळाली म्हणून समारंभाच्या परवान्यातून सुटका झाली, असा समज करून घेणे मात्र चुकीचे ठरेल.

हे निर्बंध कोणाला जाचक वाटले तर त्याने जरा हिमालयाकडे पाहावे. जून २०१९ मध्ये उत्तराखंडमधील औली येथे एका धनाढ्य उद्योगपती कुटुंबातील दोन लग्ने झाली. हेलिकॉप्टर, मंडप, पाहुण्यांचा लवाजमा हे सारे हिमालयाच्या कुरणावर आले. अवघ्या दहा महिन्यांपूर्वी त्याच राज्याच्या उच्च न्यायालयाने उंचावरील कुरणांच्या, म्हणजे बुग्यालांच्या, रक्षणासाठी तेथे रात्रीच्या मुक्कामास मनाई केली होती. लग्नानंतर औलीत कचऱ्याचे ढीग उरले आणि पर्यावरणाची हानी भरून काढण्यासाठी न्यायालयाने आयोजकांना तीन कोटी रुपये जमा करायला सांगितले. त्या तुलनेत दोघे वधू-वर आणि एक छायाचित्रकार हा डोंगरासाठी कितीतरी हलका पाहुणा आहे. ठरावीक जागा, नोंदलेली वेळ आणि मोजकी माणसे ही अमेरिकी उद्यानांची शिस्त आपल्या पर्वतीय राज्यांना अनुकरणीय वाटावी.

उरतो तो साक्षीचा प्रश्न. शेकडो नजरांचे ओझे नको म्हणून ही जोडपी डोंगरात जातात. मग कॅमेऱ्याची नजर त्यांना का हवी असते? कायद्याने साक्षीदाराची अट काढून टाकली तरी माणसाच्या मनाने ती काढलेली नाही, हेच त्याचे उत्तर असावे. आपण दिलेले वचन कोणीतरी ऐकले, पाहिले, याची खूण माणसाला हवी असते. सप्तपदीला अग्नी साक्षी असतो, अंतरपाटाभोवती जमलेले लोक साक्षी असतात. येथे ती जागा भिंगाने घेतली आहे. यात वाईट काही नाही. फरक इतकाच, की जमलेला समाज पुढे आयुष्यभर त्या लग्नाची आठवण देतो, प्रसंगी जाबही विचारतो. छायाचित्र जाब विचारत नाही. म्हणूनच डोंगरावरून उतरल्यावर अनेक जोडपी घरच्यांसाठी छोटा समारंभ करतात, हे अर्थपूर्ण आहे.

मराठी वाचकाने या साऱ्यात आपले स्थान शोधले तर त्याला वेगळेच चित्र दिसेल. आपल्याकडे विशेष विवाह कायदा १९५४ पासून आहे. त्यानुसार लग्नाआधी तीस दिवसांची नोटीस कार्यालयात लावली जाते आणि लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. या कायद्याचा आधार आंतरजातीय, आंतरधर्मीय जोडप्यांना सर्वाधिक लागतो आणि तीच नोटीस त्यांचा ठावठिकाणा विरोधकांपर्यंत पोहोचवते. नोटीस प्रसिद्ध करणे जोडप्याच्या इच्छेवर सोडावे, असा निर्णय अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये दिला. परंतु कायद्याच्या पुस्तकातील तरतूद बदललेली नाही. दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहाला कुटुंबाची वा जातीची संमती लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये ‘शक्ती वाहिनी’ खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले आणि अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवाऱ्याची सोय करण्याचे निर्देश दिले. असे निर्देश द्यावे लागतात, यातच आपली स्थिती स्पष्ट होते.

अमेरिकेतील तरुण जोडपे ‘पळून जाण्या’साठी छायाचित्रकार शोधते, कारण त्याला कोणापासूनही पळावे लागत नाही. आपल्याकडे ज्यांना खरोखर पळावे लागते, त्यांना आपले छायाचित्र कोणाच्या हाती पडू नये याचीच चिंता असते. तेव्हा अनुकरण करायचेच असेल तर डोंगरकड्यावरच्या पोजचे करू नये. दोन सज्ञान माणसांनी सही केली की लग्न झाले, इतका विश्वास नागरिकांवर टाकणाऱ्या कायद्याचे करावे. तो विश्वास आपल्या समाजात रुजला, तर ‘पळून जाऊन लग्न’ हे शब्द आपल्याकडेही एक दिवस निव्वळ हौसेचे होतील.