हँडल दिले, पाना कुठे आहे?

महाराष्ट्र सरकारने २०२४ साली बायांसाठी पिंक ई-रिक्षा योजना आणली. किमतीत २० टक्के वाटा सरकारचा, १० टक्के बाईचा, उरलेले ७० टक्के बँकेचे कर्ज. वस्तीतल्या बाया मला विचारतात, ‘ताई, बिघडली तर?’ प्रश्न रास्त आहे. गाडी चार दिवस बंद राहिली तरी हप्ता थांबत नाही.

इंजिनाची दुरुस्ती पोरगे गॅरेजात, उस्तादाच्या हाताखाली शिकत आले. तिथे मुलीला जागा नव्हती. विजेच्या रिक्षात इंजिनच नाही. बॅटरी, मोटर, कंट्रोलर आणि वायरिंग. मल्टिमीटर धरायला दंडातले बळ लागत नाही. बॅटरी उतरली की जोडणी सैल झाली, एवढे तरी बाईला स्वतः तपासता यायला हवे.

अभियांत्रिकीचे विद्यार्थी वस्तीत येऊन प्रदूषणावर भाषण देतात. प्रदूषण आम्ही रोज श्वासातून घेतोच! त्यांनी अवजारे घेऊन यावे, सुरक्षेचे नियम सांगून बायांच्या हातून काम करून घ्यावे. मैत्रिणींनो, नवी गॅरेजेही पुरुषांचीच होण्याआधी आपल्या बचत गटाने जवळच्या कॉलेजकडे, आयटीआयकडे हे शिक्षण लेखी मागावे.